लिलीच्या शेजारचा सोनटक्का

आक्का, तुझी सोनटक्क्याची कुंडी काल रात्रीपर्यंत होती तिथंच होती. लिलीच्या ओळीत मधोमध, काठापर्यंत मातीत पुरलेली. परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली. तुझा निलेश उद्यापासून परत नवलाख उंबऱ्याला कंपनीत जातो म्हणाला. तुझ्या साड्या तुझ्या बहिणींनी वाटून नेल्या. चष्मा कुणी घेतला नाही, तो फडताळातच राहिला. ही कुंडी तेवढी माझ्या वाट्याला आली, आणि तिचं काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

वर्ष भरत आलंय. दसऱ्याला भरेल. झाड शेजारणींत नांदलं असेल तर कुंडी फोडायची आणि त्याला मातीत मोकळं सोडायचं, नसेल नांदलं तर कुंडीसकट उपटून दुसरीकडं न्यायचं, हा आपल्या नर्सरीचा कायदा. तो तूच केलास. या सोनटक्क्यावरून आपलं वर्षभर भांडण चाललं, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस. लोकांना वाटतं मी रडतेय. रडतेच आहे, पण निम्म्या वेळेला ते रागानं असतं. तुझ्यावर चिडायची मला इतक्या वर्षांची सवय, आणि आता चिडले की समोर नुसता वाफा असतो.

जगाच्या हिशेबानं तू माझी थोरली जाऊ. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, 'जावा होत्या, पण बहिणीसारख्या राहिल्या.' मी मान हलवते. बहिणीसारख्या कुठल्या, माझ्या बहिणीशी मी एवढी कधी भांडले नाही. आणि तिच्याशी बोलल्यावाचून माझा दिवस जातो.

लिली आपल्याकडं आली ती पोत्यातून. आठवतं का? लोणावळ्याला एका बंगल्यावर आपण गुलाबाची रोपं पोचवायला गेलो होतो. तेव्हा नर्सरी म्हणजे घरासमोर मांडलेल्या काही पिशव्याच होत्या. बंगल्याच्या बाई पोर्चसमोरचा वाफा मोडत होत्या. म्हणाल्या, "डे लिली आहे, हवी तर न्या. एक फूल एकच दिवस टिकतं, पण रोज नवीन येतं." मी अजून विचार करत होते तोवर तू पोतं मागून घेतलंस. येताना टेम्पोत मागं बसून एक गड्डा हातात फिरवत होतीस.

"एकाच दिसाचं फूल. मग त्याचा उपेग काय?"

"रोज नवीन येतं म्हणाल्या ना त्या."

"म्हंजी भाकरीवानी," तू म्हणालीस. "रोजची रोज." आणि तेवढ्यावर तुझं समाधान झालं.

मग आपण जे केलं ते भाताच्या मुलखातल्या बायकांनाच सुचावं. आषाढ होता, खाचरं चिखलून तयार होती, घरचं भात लावून झालं होतं. रोप म्हटलं की ते चिखलात लावायचं, यापलीकडं तुझ्या हातांना काही ठाऊक नव्हतं, आणि तळेगावात वाढलेल्या मला तर हातच नव्हते. साड्या खोचून आपण खाचराच्या कोपऱ्यात उतरलो आणि मागं मागं सरकत, ओळ धरून, लिलीची आवणी केली. थोरले भाऊजी बांधावर उभे राहून बघत होते. "लोंब्या कवा येत्यात गं ह्याला?" त्यांनी विचारलं. तू चिखलाचा गोळा त्यांच्या दिशेनं भिरकावलास आणि तो त्यांच्या टोपीला लागला. महिना झाला नसेल, सगळे गड्डे कुजले. धरले की हातात पिठल्यासारखे यायचे.

लावून उरलेले काही गड्डे तू कंटाळून बांधावर फेकून दिले होतेस. त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात बांधावर पिवळं काहीतरी दिसलं म्हणून आपण दोघी धावत गेलो, आणि तिथंच उकिडव्या बसून राहिलो. लिलीला पाणी आवडतं पण ते पायाशी थांबलेलं चालत नाही, हे आपल्याला त्या फेकलेल्या गड्ड्यांनी शिकवलं. मग वरंबा केला, त्यावर लिली चढवली. आज रस्त्याकडेनं ती जी ओळ दिसते, शनिवार-रविवारी पवना धरणाकडं जाणाऱ्या गाड्या जिच्यामुळं थांबतात, ती सगळी त्या बांधावरच्यांची लेकरं आहेत. गिऱ्हाइकांना तू हे कधी सांगितलं नाहीस. "खास मागवलेली हाय," असं तोंड वर करून सांगायचीस.

तू खोटं फार सफाईनं बोलायचीस, आक्का. ते मला या घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तुझ्या दिरानं घरी न विचारता माझ्याशी लग्न केलं आणि मला दारात आणून उभं केलं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पण आत घेताना म्हणाल्या, "वरीसभर बघू. नांदली तर नांदली." माझी बॅग त्यांनी आत नेऊ दिली नाही. ओसरीवर, कणगीच्या शेजारी ठेवायला लावली. म्हणजे केव्हाही उचलून चालती हो, असा त्याचा अर्थ. मी रोज सकाळी त्या बॅगेतून एक साडी काढायची आणि रोज मनातून थोडी मरायची. तू तेव्हा माझ्याशी दोन शब्दही नीट बोलली नव्हतीस. मला वाटायचं, तूही त्यांच्यातलीच.

एका दुपारी सासूबाई कामशेतच्या बाजाराला गेल्या आणि तू बॅग आत ओढलीस. त्यातून माझे कपडे काढलेस, तुझ्या फडताळाचा खालचा खण रिकामा केलास आणि त्यात लावलेस. मग रिकामी बॅग परत ओसरीवर, होती तशी, होती त्याच जागी. वर माझा एक जुना टॉवेल दिसेल असा बाहेर लोंबत सोडलास.

"आणि त्यांनी विचारलं तर?" मी म्हटलं.

"काय इचारत्यात? त्यास्नी बॅग दिसली म्हंजी झालं. तू हितं ऱ्हायलीस, शैले. आता गप पोळ्या लाट."

वर्षभर ती रिकामी बॅग ओसरीवर राहिली. सासूबाई येता-जाता तिच्याकडं बघायच्या आणि निवांत असायच्या. वर्ष संपल्यावर त्यांनीच मोठ्या मनानं सांगितलं, "घे बाई आता आत." तू पदर तोंडाला लावून मोरीत पळालीस. मी बॅग उचलली तेव्हा ती जड आहे असं नाटक करायला लागलं. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि बोलल्या नसतील. त्याही काही कमी नव्हत्या.

त्या वेळचे आभार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्याकडं जावेचे कुणी आभार मानत नाही. मी तुला जाऊबाई म्हणायची सोडून आक्का म्हणायला लागले, अहो-जाहो गळून पडलं, त्यातच सगळं आलं असं मी धरून चालले. तूही तसंच धरलं असशील. पण आता वाटतं, एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं होतं. बोलायला मला कधीच कमी पडलं नाही, फक्त हेच राहिलं.

तर लिलीची शेजारीण. एकटी लिली लावली की तिची पंचाईत होते, हे आपल्याला दोन पावसाळ्यांत कळलं. उन्हाळाभर ती नटते, आणि एकदा पाऊस कोसळायला लागला की फुलं विरतात, पानं जमिनीवर लोळतात, मधली माती उघडी पडते. अगदी ऐन श्रावणात, गाड्या जास्तीत जास्त थांबतात तेव्हा, आपली ओळ माहेरवाशीण निघून गेल्यावरच्या घरासारखी दिसायची. तिच्या शेजारी असं कुणी हवं होतं जे तिचं संपल्यावर सुरू होईल, तिची दमलेली पानं झाकेल, तिच्या मुळांशी मारामारी करणार नाही, आणि आपल्या पावसाला पुरून उरेल. दरवर्षी मरणारं नको, एकदा लावलं की राहणारं हवं. एवढं सगळं असलेलं झाड शोधणं म्हणजे स्थळ शोधणंच होतं. तसंच आपण ते शोधलं, नावं ठेवत ठेवत.

तू पहिल्यांदा कर्दळ आणलीस. लाल. पिवळ्या-केशरी लिलीच्या शेजारी ती लाल कर्दळ अशी ओरडायची की बघवायचं नाही, आणि दोघी एकाच वेळी फुलायच्या. मी म्हटलं, "दोघी एकदम बोलायला लागल्यात, ऐकायचं कुणाचं?" तू म्हणालीस, "आपल्यावानीच हाय की." पण काढलीस.

मग गवती चहा. ती माझी अक्कल. पान सारखं, रोप सारखं, ओळ भरलेली दिसेल असं मला वाटलं. इतकं सारखं झालं की थोरल्या भाऊजींनी एका पहाटे अंधारात लिलीची पानं कापून चहात टाकली. दोन घोट घेऊन म्हणाले, "आज दूध फाटलंय व्हय?" तू हसून हसून खाली बसलीस आणि मला म्हणालीस, "शेजारीण येगळी दिसाया पायजे, शैले. न्हाईतर घरच्यास्नी बी वळखता येत न्हाई." ते अगदी खरं होतं, आणि तुझं खरं असलं की मला जास्त राग यायचा. निळा साल्व्हिया मी पुण्याहून आणला, तो हिवाळाभर देखणा दिसला आणि आपल्या पहिल्याच मोठ्या पावसात काळा पडून आडवा झाला. तू आंबेहळद लावलीस, तिची पानं एवढाली झाली की लिली खाली गुदमरली. तुझ्याही चुका काही कमी नव्हत्या, नुसत्या माझ्याच आठवू नकोस.

टिकल्या त्या रेन लिली. बुटक्या, गुलाबी, लिलीच्या पुढच्या बाजूला. त्या पाऊस पडला की फुलतात, कुणाच्या वाटेत येत नाहीत, त्यांच्यावरून आपलं कधीच भांडण झालं नाही.

तुझा कुंडीचा कायदा यातूनच आला. किती झाडं लावायची आणि उपटायची, दर वेळेला लिलीची मुळं दुखवायची. मग तू म्हणालीस, नवीन येणारं झाड आधी मातीच्या कुंडीत लावायचं आणि कुंडीच ओळीत पुरायची. वर्षभर बघायचं. ऊन, थंडी, पाऊस सगळं झालं आणि दोघींचं पटलं तर तिथल्या तिथं कुंडी फोडायची. मी विचारलं होतं, हे सासूबाईंकडून उचललंस ना? तर तू म्हणालीस, "मग. बाई कडक व्हती, पर डोस्कं व्हतं तिला."

फोडायचं काम तुझं. मला चांगली कुंडी फोडवायची नाही. मी म्हणायची, जरा हलवून काढू, दुसऱ्याला वापरू. तू म्हणायचीस, कुंडी वाचवायला गेलं की मूळ तुटतं. पहारीचा एक ठोका हलक्या हातानं घालायचीस, खापऱ्या वेचून लिलीच्या पायाशी पसरायचीस, म्हणजे पाणी थांबत नाही. रेन लिलीच्या कुंड्या फोडल्यास तेव्हा गूळ वाटलास. माझा अगापांथस मात्र कुंडीतच राहिला. निळ्या फुलांचे गोल झेले येतात म्हणून मी हौसेनं आणला, लोणावळ्याच्या थंडीत त्याला झेले येतातही. पण घाट उतरून आपल्याकडं आला की नुसती पानं. तू त्याला रोज विचारायचीस, "काय पावणं, मुक्काम किती दिस?" मला ते झोंबायचं. तरी तू त्याला उपटायला सांगितलं नाहीस, आणि मीही उपटला नाही.

गेल्या दसऱ्याच्या आसपास मी लोणावळ्याला एका बंगल्याचं काम बघायला गेले होते. परत आले तर ओळीच्या मधोमध ताजी माती आणि त्यात कुंडीचा काठ. सोनटक्का. मला न विचारता.

मी काय बोलले ते सगळं आठवतंय. सोनटक्का छातीपर्यंत जातो. त्याचे कंद जमिनीखालून चालत जातात. दोन वर्षांत तो लिली गिळून टाकेल, आपल्या सगळ्या ओळीचं बन होईल. लावायचा तर मागं, पाण्याच्या टाकीशी लाव, तिथं त्याला ओल मिळेल. एकही शब्द चूक नव्हता. धंद्याचं ज्ञान म्हणशील तर मी आजही तेच सांगेन.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "लिलीचं सरलं की ह्याचं सुरू व्हतं. भादव्यात. पांढरं हाय, कुणाच्या रंगावर जात न्हाई. आणि वास हाय, शैले. आपल्या वळीत सगळं हाय, वास न्हाई."

"वासासाठी लिली घालवायची?"

"माझ्या माहेराला हिरीवर व्हता."

तुझं माहेर धरणात गेलं तेव्हा तू परकर नेसत होतीस. घर कसं होतं, वाट कुठून जायची, यातलं तू कधी काही सांगत नव्हतीस. विचारलं तर म्हणायचीस, पाणी आहे आता तिथं, काय सांगायचं. विहिरीवरचा सोनटक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि तरी मी माघार घेतली नाही. तूही घेतली नाहीस. शेवटी म्हणालीस, "वरीसभर कुंडीत ऱ्हाऊ दे. न्हाई नांदला तर उपट, तुझ्या हातानं. मी एक शबूद बोलायची न्हाई."

मग वर्षभर रोजचं सुरू झालं. मी म्हणायची, बघ, पान लिलीवर सावली धरतंय. तू म्हणायचीस, उन्हाळ्यात तिला तेवढी पायजेच. वैशाखात पुरलेल्या सगळ्या कुंड्यांना रोज पाणी घालावं लागतं, मातीची कुंडी कडेनं पाणी पिते. माझा अगापांथस दुपारपर्यंत मान टाकायचा. तुझा सोनटक्का एक दिवस विसरला तरी ताठ. मी बोलूनही दाखवलं, "हा कसा गं पाणी मागत नाही?" तू वेलदोड्याच्या रोपाची पिशवी उचलत म्हणालीस, "गुणी हाय." एवढंच. मी तोंड वाकडं करून निघून गेले.

गणपतीच्या दिवसांत त्याला पहिला कळा आला. हिरवा, कणसासारखा. तू तो सगळ्या घराला दाखवलास, मला दोनदा. आणि त्याच आठवड्यात तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू ते लपवलंस, यात तुझा हात कोण धरणार. गौरी उठल्या, मगच बोललीस.

तळेगावच्या दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचं ते प्लास्टिक होतं. मी आत आले की तू ते बाजूला सारायचीस आणि नर्स ओरडायची. शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा आपण दोघीच होतो. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आले होते. तू विचारलंस, "उमललं का?"

"अजून नाही," मी म्हटलं. खरंच उमललं नव्हतं.

"उपटू नगंस. वरीस व्हायचंय."

"नाही उपटत. वर्ष होऊ दे, मग बघते त्याच्याकडं."

तू हसलीस. प्लास्टिकच्या आतून नीट दिसलं नाही, पण डोळे हसले. मला वाटलं माझ्या बोलण्याला हसलीस. मग नर्सनं मला बाहेर काढलं. तुला घरी आणलं त्या संध्याकाळी ओसरीवर माणसं दाटली होती, आणि कुठून तरी सोनटक्क्याचा वास येत होता. कुणीतरी म्हणालं, उदबत्ती चांगली आहे. मला माहीत होतं ती उदबत्ती नव्हती. उठून बघायला जाववलं नाही.

दहाव्याला नदीवर सगळा गाव होता. भात निसवायला लागलंय, कामाचे दिवस, तरी सगळे आले. निलेशनं पिंड ठेवला आणि माणसं मागं सरली. मी बायकांमध्ये उभी होते. कावळा शिवणार नाही, याची मला खात्री होती. तुझा जीव कशात अडकलाय ते तिथं मला एकटीला ठाऊक होतं. लोक काय काय कबूल करतील, बाबांना सांभाळीन, घराची वाटणी करणार नाही, आणि कावळा झाडावर बसून राहील. मग मीच पुढं होऊन म्हणणार होते, आक्का, सोनटक्का राहील. लोक हसले तर हसोत. शब्द मी घशात तयार धरून ठेवले होते. खरं सांगू, मला ते म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर हरायचं होतं तुझ्यापुढं, एकदा.

निलेशनं हात जोडले न जोडले तोच कावळा उतरला आणि शिवला. थांबलाच नाही. "तृप्त गेली गं बाई," शेजारची मावशी म्हणाली. "काय बी मागं ठिवलं न्हाई तिनं." सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, निलेश हमसून हमसून रडला. मी एकटी तशीच उभी राहिले. घशातले शब्द गिळले. आपलं वर्षभराचं भांडण, आणि तुझं त्यात काहीच अडकलं नव्हतं? मी राहिले, कुंडीही राहिली, आणि तू अशी हात झटकून मोकळी? या सगळ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त दुखलं ते हे. तू गेलीस त्यापेक्षा, इतकी सहज गेलीस हे.

तेरावं होईपर्यंत फोडतोडीचं काही करू नको, असं घरच्यांनी बजावलं होतं. आज सकाळी चहा न घेता मी पहार आणि कुदळ घेऊन ओळीवर गेले. धुकं होतं, रस्त्यावर अजून गाडी नव्हती. सोनटक्क्याला पाच-सहा फुलं होती, रात्रीची उमललेली, पांढरीधोप. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. माझं ठरलं होतं. फोडायची नाही आणि मारायचाही नाही. कुंडीसकट अख्खा उचलायचा आणि टाकीशी नेऊन लावायचा. तिथं त्याला ओल मिळेल, लिली वाचेल. मधला मार्ग. तुला मधला मार्ग कधी आवडला नाही, पण आता विचारायला तू होतीस कुठं?

भोवतालची माती काढली, काठ दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. हलेना. आणखी खणलं. कुंडी अर्धी उघडी झाली, तरी जागची हलेना. मला वाटलं खाली दगडात अडकली असेल. गुडघ्यावर बसून हात कुंडीच्या बुडाखाली घातला.

बूड नव्हतंच.

बोटं आत गेली ती सरळ कंदांत. बुडाची कड मी चाचपून पाहिली. फुटलेली नव्हती, नीट ठोकून ठोकून काढलेली होती, सगळीकडून सारखी, तुझ्या हातची. वर्षापूर्वी पुरायच्या आधीच तू बूड काढून टाकलं होतंस. अंगठ्याएवढे जाड कंद खाली उतरून पसरले होते, आणि लिलीची पांढरी मुळं खालून त्यांच्यामधून आत शिरली होती. कुठली कुणाची ते सोडवून सांगता आलं नसतं. वैशाखात तो पाणी का मागत नव्हता, ते मला तिथं, मातीत हात घालून, कळलं. दवाखान्यात तू कशाला हसलीस तेही.

वर नुसता काठ दिसत होता, मला दिसावा म्हणून ठेवलेला. मी येता-जाता त्याच्याकडं बघत होते आणि निवांत होते. मला ओसरीवरची माझी बॅग आठवली, टॉवेल लोंबत असलेली. मी तिथंच मातीत बसले आणि इतकी रडले, आक्का, की तुझे मालक घरातून "काय झालं, काय झालं" करत धावत आले. मला सांगता येईना. मी नुसता त्यांचा हात धरून कुंडीखाली घातला. त्यांनी चाचपलं आणि म्हणाले, "तरी म्हणलं, हातोडी कुटं गेलती."

कावळा का थांबला नाही ते आता कळलं. तुझं काही राहिलंच नव्हतं. राहिलं होतं ते माझं.

भाऊजी आत गेल्यावर मी खणलेली माती परत लोटली, मुळं झाकली, पायानं दाबली. मग पहार घेतली. आजवर मी एकही कुंडी फोडली नाही, तुला माहीत आहे. फोडायला उरलं होतं ते बिनबुडाचं कडंच. एका ठोक्यात गेलं. खापऱ्या वेचून लिलीच्या पायाशी पसरल्या, तू पसरायचीस तशा. घरातून गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला. निलेशनं विचारलं, "काकी, कशाचा?" मी म्हटलं, "नांदला, म्हणून."

तरीही तुला बरोबर म्हणणार नाही मी. तो पसरणार, आक्का. छातीपर्यंत जाणार, लिलीवर चढणार, दोन पावसाळ्यांत ही सगळी ओळ त्याची होणार. तेव्हा मी कुदळ घेऊन इथं येईन, आणि भांडायला इथं कुणी नसेल.